क्ष कुठून आला? रासायनिक समतोलाच्या गणितामागचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही एका गणितानेच करणार आहोत. घाबरू नका, फळ्यापाशी कुणाला बोलावणार नाही.

एका बंद भांड्यात एक मोल ॲसिटिक आम्ल घेतलं, म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट द्रव्य, आणि त्यात एक मोल अल्कोहोल टाकलं. दोघांच्या संयोगातून एस्टर आणि पाणी तयार होतं. समतोल स्थिरांक ४ दिलेला आहे. तर शेवटी एस्टर किती? अकरावी-बारावीच्या पोरांना हे गणित तोंडपाठ असतं. तीन ओळींचा तक्ता मांडायचा. पहिल्या ओळीत सुरुवातीला किती होतं, दुसरीत किती बदललं, तिसरीत समतोलाला किती उरलं. इनिशियल, चेंज आणि इक्विलिब्रियम यांची आद्याक्षरं घेऊन क्लासवाले त्याला ‘आईस टेबल’ म्हणतात. बर्फाचा त्यात काही संबंध नाही. बदलाला क्ष म्हणायचं, स्थिरांकाच्या सूत्रात घालायचं, क्ष काढायचा. उत्तर येतं दोन तृतीयांश. भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही गावचं तयारीचं पोरगं दीड मिनिटात ते काढून दाखवतं.

आता त्याच पोराला विचारा: बाबा रे, दोन तृतीयांशावर क्रिया थांबली का? उरलेल्या एक तृतीयांश आम्लाला संयोग करायला कुणी अडवलं होतं? पोरगं गप्प. पुष्कळदा मास्तरही गप्प. उत्तर बरोबर आलं आहे, मग हा प्रश्न कशाला, असा चेहरा होतो.

आमचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं. त्यामुळे रसायनाच्या प्रयोगशाळेत आमचा अधिकार नाही, हे मान्य. पण या तक्त्याची एकेक ओळ कधी काळी वादाचा विषय होती, आणि ती मान्य व्हायला १७९९ पासून १८८८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं लागली. पोरं जे दीड मिनिटात उरकतात त्यात ही नव्वद वर्षं दडलेली आहेत. ती उलगडून दाखवली नाहीत तर हे गणित निव्वळ युक्ती होऊन बसतं, आणि युक्ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरते. आमचं आजचं म्हणणं एवढंच.

आधी शब्दाचं बघू. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर अकरावीला सायन्सला गेलं की पुस्तक इंग्रजीत. ‘समीकरण संतुलित करा’ हे त्याने मराठीत ऐकलेलं असतं. तिथे संतुलन म्हणजे डावीकडचे आणि उजवीकडचे अणू मोजून सारखे करणं. आता पुढ्यात येतो इक्विलिब्रियम. कुणी सांगतं याचा अर्थ समतोल, कुणी सांगतं संतुलन. पोराची समजूत होते की हे तेच, दोन्ही बाजू सारख्या करणं. मग ते समतोलाला आम्ल निम्मं आणि एस्टर निम्मं धरतं. ही चूक आळसातून येत नाही, शब्दातून येते. समतोल या शब्दात तराजू आहे आणि गंमत म्हणजे मूळ लॅटिन शब्दातही तराजूच आहे. दोन्ही पारडी एका पातळीला येऊन थांबली की आपण तोल साधला म्हणतो. रसायनातला समतोल मात्र थांबलेलाही नसतो आणि निम्मानिम्माही नसतो. त्यात सारखी असते ती फक्त जाण्याची आणि येण्याची गती.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. अठराव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांची कल्पना अगदी आपल्याकडच्या लग्नातल्या मानपानासारखी होती. कुणाचा मान कुणाच्या वर हे ठरलेलं. १७१८ मध्ये फ्रान्समध्ये जोफ्रवा यांनी आणि १७७५ मध्ये स्वीडनमध्ये बर्गमन यांनी पदार्थांच्या परस्परांवरच्या ओढीचे तक्ते केले. अमुक आम्लाला तमुक क्षाराची ओढ सगळ्यांत जास्त, त्याखाली दुसऱ्याची, त्याखाली तिसऱ्याची. वरच्या मानाचा आला की त्याने खालच्याला उठवून स्वतः बसायचं. क्रिया एकाच दिशेने जायची आणि पूर्ण व्हायची. या चौकटीत ‘दोन तृतीयांश’ या उत्तराला जागाच नाही.

या चौकटीला तडा गेला तो इजिप्तमध्ये. १७९८ साली नेपोलियन मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने सोबत विद्वानांचा एक ताफा नेला होता. त्यात क्लोद लुई बेर्तोले हे रसायनशास्त्रज्ञ होते. कैरोच्या वायव्येला वाळवंटात नेट्रॉनची तळी आहेत, म्हणजे सोड्याची. बेर्तोलेंनी पाहिलं की काठावर सोड्याचे थर जमले आहेत. आजूबाजूला चुनखडी भरपूर आणि पाण्यात मीठ भरपूर. आता प्रयोगशाळेत काय दिसतं? धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराईड टाकलं तर चुन्याचा पांढरा साका बसतो आणि मीठ द्रावणात राहतं. मानपानाच्या तक्त्याप्रमाणे ही दिशा पक्की. तळ्याकाठी मात्र गाडी उलट चाललेली: मीठ आणि चुनखडी यांच्यातून सोडा. बेर्तोलेंनी अर्थ लावला तो असा की ओढ एकटी काही ठरवत नाही, पदार्थ किती प्रमाणात हजर आहे हेही ठरवतं. मीठ आणि चुनखडी अमाप असली आणि तयार झालेला सोडा बाजूला निघत राहिला तर ‘हरणारी’ बाजूही जिंकते. १७९९ मध्ये कैरोच्या संस्थेपुढे त्यांनी हे मांडलं आणि १८०३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

असं सोड्याचं तळं बघायला आपल्याला इजिप्तला जावं लागत नाही. आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. तिथलं पाणी इतकं क्षारीय की सामू दहाच्या आसपास सांगितला जातो, आणि काठावरचा खार पूर्वी गोळा करून विकला जाई. लोणारचा सोडा इजिप्तच्याच मार्गाने तयार झाला असं म्हणायला आधार नाही. तिथला खडक बेसाल्टचा आहे. पण आमच्या मनात नेहमी येतं की बेर्तोले लोणारला आले असते तरी त्यांना हाच प्रश्न पडला असता.

आणि तेवढंही लांब जायला नको. चुन्याची निवळी घ्या. नळीने त्यात फुंका. निवळी दुधासारखी पांढरी होते, हे सातवी-आठवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. फुंकत राहा. थोड्या वेळाने ती पुन्हा नितळ होते. आता ते नितळ पाणी तापवा, परत गढूळ! हाच खेळ विहिरीच्या जड पाण्यात चालतो आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. कार्बन डायऑक्साइड वाढवला तर चुना विरघळतो, तो हाकलला तर चुना बाहेर पडतो. क्रिया तीच, दिशा आपल्या हातात. वर्गात हा प्रयोग अर्ध्यावर, पहिल्या पांढऱ्या रंगावर सोडून देतात. पुढच्या पाच मिनिटांत अकरावीचा अख्खा धडा आहे.

बेर्तोलेंचं पुढे एक वाईट झालं. प्रमाणाला महत्त्व आहे हे खरं, पण ते आणखी पुढे गेले आणि म्हणू लागले की संयुगाची घडणही प्रमाणानुसार बदलू शकते. यावर प्रूस्त यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं वाद झाला. प्रूस्त जिंकले, आणि जिंकायलाच हवे होते. पाणी कुठलंही असो, त्यात हायड्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण तेच. पण या पराभवात बेर्तोलेंचा बरोबर असलेला विचारही बाजूला पडला. विद्वानांच्या वादात हे वारंवार होतं. माणूस एका मुद्द्यावर हरला की त्याच्या गाठोड्यातलं सोनंही लोक फेकून देतात.

पुढची मोठी पायरी १८६२ ची. पॅरिसमध्ये बेर्तेलो आणि पेआं द सें-जिल यांनी नेमकं आपलं सुरुवातीचं गणित प्रयोगात मांडलं. नावं जवळची आहेत, घोटाळा करू नका: बेर्तोले इजिप्तवाले, बेर्तेलो हे एस्टरवाले. यांनी आम्ल आणि अल्कोहोल काचेच्या नळ्यांत बंद केलं. साध्या तापमानाला ही क्रिया महिने-वर्षं घेते, तापवली की तासांत आटोपते. आणि ती संथ आहे हेच सोयीचं ठरलं, कारण मधेच नळी फोडून किती आम्ल उरलं ते मोजता येतं. समान मोल घेतले की क्रिया दोन तृतीयांशाच्या आसपास थांबते. मग त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली, एक मोल एस्टर आणि एक मोल पाणी. ती क्रिया एक तृतीयांश मागे आली आणि थांबली. म्हणजे कुठल्याही काठावरून निघा, पोचता त्याच ठिकाणी. तक्त्याची तिसरी ओळ म्हणजे हे ठिकाण.

पण ‘थांबते’ हा शब्द आम्ही वापरला तो सोयीसाठी. लंडनच्या विल्यमसन यांनी १८५० मध्येच सुचवलं होतं की आत काही थांबलेलं नसतं, रेणूंची देवाणघेवाण चालूच असते, फक्त दोन्ही दिशांचा वेग सारखा होतो. पुढे विसाव्या शतकात खूण केलेले किरणोत्सारी अणू वापरून हे प्रत्यक्ष दाखवता आलं.

इथे आमची एक तक्रार आहे. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. म्हणून शिक्षक उदाहरण देतात मामा तलावाचं: नाल्याने पाणी येतं, सांडव्यावरून तेवढंच जातं, पातळी कायम, हा झाला समतोल. उदाहरण ओळखीचं आहे, पण चुकीचं आहे. तलावात वरून येतं ते पाणी वेगळं आणि खाली जातं ते वेगळ्या वाटेने. सांडव्यावरून गेलेलं पाणी नाल्यात परत चढत नाही. पाऊस थांबला की पातळी उतरली. ही वाहती स्थिरता आहे, समतोल नव्हे. त्यापेक्षा असं समजा: वैनगंगेच्या दोन काठांवर दोन गावं, बाहेरून कुणी येत नाही, बाहेर कुणी जात नाही, आणि मधे नावा चालतात. अलीकडून पलीकडे जितके, तितकेच पलीकडून अलीकडे. दोन्ही गावांची लोकसंख्या कायम, पण सारखी असेलच असं नाही. एका गावात दोनशे, दुसऱ्यात चारशे असू शकतात. बंद भांडं हे असं असतं. गणितात ‘बंद भांड्यात’ हे दोन शब्द उगीच लिहिलेले नसतात, आणि पोरं नेमके तेच वाचत नाहीत.

आता सूत्राकडे. नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. तिथे काटो गुल्डबर्ग आणि पीटर वोगे हे दोघे होते, एकमेकांचे साडू, आणि पुढे मेव्हणेही. गुल्डबर्गांचा ओढा गणिताकडे, वोगे रसायनशास्त्राचे. मार्च १८६४ मध्ये त्यांनी तिथल्या विज्ञान अकादमीपुढे आपला नियम मांडला: क्रियेचा जोर भाग घेणाऱ्या पदार्थांच्या ‘सक्रिय वस्तुमानावर’, म्हणजे ठरावीक आकारमानात ते किती आहेत त्यावर अवलंबून असतो. बेर्तोलेंच्या ‘प्रमाणा’त इथे एक बारीक पण मोलाची दुरुस्ती झाली. नुसतं किती आहे ते नाही, किती जागेत किती आहे ते. म्हणून तर तक्त्यात मोलला लिटरने भागायचं असतं. आधारासाठी त्यांनी त्या पॅरिसच्या दोघांचेच एस्टरचे आकडेही वापरले.

निबंध छापला नॉर्वेजियन भाषेत, आणि कुणी वाचला नाही. १८६७ मध्ये फ्रेंचमध्ये छापला, तरी फार कुणी वाचला नाही. १८७७ मध्ये हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला हात घातला, तेव्हा १८७९ मध्ये या दोघांनी जर्मनमध्ये सविस्तर लिहून सांगितलं की हे आम्ही आधीच म्हटलं आहे. मग जगाने मान्य केलं. मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग दोन्ही अंगांनी बघावा. छोट्या भाषेत लिहिलं म्हणून पंधरा वर्षं गेली, हे खरं. पण विचार सुचला, घासला गेला आणि पहिल्यांदा बोलला गेला तो त्यांच्या स्वतःच्या भाषेत, हेही तितकंच खरं. आणि त्या पंधरा वर्षांत विचार सुधारलाही: १८६४ च्या सूत्रात घातांक प्रयोगाने ठरवायचे होते, १८७९ मध्ये ते समीकरणातल्या मोलांच्या आकड्यांवरून आले. आपली पोरं जो वर्ग किंवा घन करतात तो इथला. १८८४ मध्ये व्हान्ट हॉफ यांनी हे सगळं उष्णतेच्या शास्त्राशी जोडलं आणि उलटसुलट क्रियेसाठी दोन दिशांचे बाण वापरले. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, त्यांनाच मिळालं.

चला, आता तक्ता सोडवू. एक मोल आम्ल, एक मोल अल्कोहोल. क्ष इतकं बदललं. उरलं एक वजा क्ष, दोन्हीकडे. एस्टर क्ष, पाणी क्ष. क्षचा वर्ग भागिले एक वजा क्षचा वर्ग बरोबर ४. वर्गमूळ घेतलं की क्ष भागिले एक वजा क्ष बरोबर २, म्हणून क्ष दोन तृतीयांश. आता अल्कोहोल एकाऐवजी दोन मोल घ्या. वर्गमूळाची पळवाट बंद झाली. मांडणी केली की येतं: तीन क्षवर्ग वजा बारा क्ष अधिक आठ बरोबर शून्य. वर्गसमीकरण. त्याची दोन उत्तरं: ०.८४५ आणि ३.१५५. पहिलं घ्यायचं, दुसरं टाकायचं. का टाकायचं? कारण आम्ल होतंच मुळी एक मोल, त्यातून ३.१५५ मोल कसं वापरलं जाईल? आणि उरलेल्या उत्तरात बेर्तोले दिसतात: अल्कोहोल वाढवलं तर आम्लाचा ०.६७ ऐवजी ०.८४५ हिस्सा एस्टर झाला.

वर्गसमीकरण सोडवायची रीत आपल्याकडे श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती आपल्याला मिळाली भास्कराचार्यांच्या बीजगणितामुळे. त्यांनी ती श्रीधरांची म्हणून नोंदवून ठेवली. बाराव्या शतकातले हे भास्कराचार्य, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. अज्ञात राशीला ते क्ष म्हणत नसत, ‘यावत्तावत्’ म्हणत. जेवढं असेल तेवढं. तक्त्यातल्या क्षला याहून चांगलं नाव आम्हाला सुचत नाही.

त्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तर जितकी येतात तितकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतं आहे, तर एकूण किती? उत्तरं दोन निघतात, पन्नास आणि पाच. पन्नासचं बघा: पाचवा हिस्सा दहा, वजा तीन सात, वर्ग एकोणपन्नास, एक फांदीवर, पन्नास. पाचचं बघा: पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, एक फांदीवर, पाच. हिशेब दोन्ही जुळतात. तरी भास्कराचार्य पाच हे उत्तर घेत नाहीत, कारण उणे दोन माकडं हे लोकांना पटणारं नाही. समीकरणाला माकड कळत नाही आणि मोलही कळत नाही. कुठली उकल जगात शक्य आहे हे सोडवणाऱ्याने ठरवायचं असतं. उत्तरपत्रिकेत पोरं ‘दुसरं मूळ अमान्य’ असं लिहून पुढे जातात. त्या शब्दांपुढे ‘कारण’ लिहायला सांगा, बघा कितीजण लिहितात.

आता ‘नगण्य’ची भानगड. व्हिनेगरचंच आम्ल, पण या वेळी पाण्यात विरघळलेलं, आणि त्याचं आयनीभवन. ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये समतोलाचा नियम अशा सौम्य आम्लांना लावला. त्याच्या आदल्या वर्षी अऱ्हेनियस यांनी द्रावणात आयन सुटे असतात हे ठामपणे मांडलं होतं. आम्लाचा स्थिरांक ०.००००१८. लिटरला ०.१ मोल आम्ल असेल तर खाली ‘०.१ वजा क्ष’ येतं. मास्तर सांगतात, क्ष नगण्य, सोडून द्या. सोडला की क्ष ०.००१३४, म्हणजे शेकडा सव्वा ते दीड टक्का. ठीक, सोडून देण्याजोगाच होता. आता तेच आम्ल पाणी घालून हजारपट विरल करा, लिटरला ०.०००१ मोल. तशीच सवय चालवली तर उत्तर येतं की आम्लाचा ४२ टक्के भाग सुटा झाला. बेचाळीस टक्के आणि नगण्य? वर्गसमीकरण नीट सोडवलं तर ३४ टक्के येतात. म्हणजे क्ष सोडता येतो की नाही हे क्ष काढल्यावरच कळतं. आधी गृहीत धरा, उत्तर काढा, मग गृहीताकडे वळून बघा. तर्कशास्त्रात असं काही दिसलं की आम्ही चक्रदोष म्हणून हात आखडतो, पण इथे तो दोष नाही, कारण गृहीत खोटं असेल तर उत्तरच ओरडून सांगतं. पोरं वळून बघत नाहीत, एवढीच अडचण.

एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारलं होतं: एस्टरच्या सूत्रात पाणी लिहिता आणि व्हिनेगरच्या सूत्रात पाणी गायब, असं का? प्रश्न उत्तम आहे. एस्टरच्या भांड्यात पाणी शून्यापासून सुरू होऊन क्ष होतं, ते बदलतं. व्हिनेगरमध्ये लिटरभर पाण्यात सुमारे ५५ मोल पाणीच असतं, त्यातलं चिमूटभर इकडेतिकडे झालं तरी पंचावन्न ते पंचावन्नच. म्हणून ते स्थिरांकात जिरवून टाकतात.

क्रिया पूर्ण होत नाही हे न कळल्याने काय किंमत मोजावी लागते, त्याचं उदाहरण फ्रान्सच्या ल शातलिए यांनी लिहून ठेवलं आहे. लोखंडाच्या झोतभट्टीत लोहखनिज आणि कार्बन मोनॉक्साइड यांची क्रिया होते, पण भट्टीच्या तोंडातून बराच कार्बन मोनॉक्साइड न वापरलेला बाहेर पडतो. कारखानदारांना वाटलं, खनिजाशी त्याची गाठ पुरेसा वेळ पडत नसावी. भट्टी उंच करा. इंग्लंडमध्ये तीस-तीस मीटर उंचीच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, अफाट पैसा गेला, आणि बाहेर पडणाऱ्या वायूचं प्रमाण कमी झालं नाही. होणारच नव्हतं, उंची वाढवून समतोल हलत नाही. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. ते खनिज ज्या भट्ट्यांत जातं तिथेही ऑक्सिजन काढून घेण्याची अशीच झटापट असते. त्या खाणकामगारांची पोरं आमच्या भागातल्या कॉलेजांत रसायन शिकतात आणि पुस्तकातलं ल शातलिएचं तत्त्व पाठ करतात. भट्टीची ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही.

याच ल शातलिए यांनी १९०१ मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून बघितला. उपकरणात हवा मिसळली गेली, स्फोट झाला, आणि त्यांनी तो नाद सोडला. पुढे फ्रित्स हाबर यांनी मोजलं की हजार अंशांच्या आसपास साध्या दाबाला अमोनिया दहा हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी होतो. इथे क्ष खरोखर नगण्य होता आणि तेच दुःख होतं! आकड्यावरून नेर्न्स्ट यांच्याशी वाद झाला, १९०७ मध्ये भर सभेत. फेरमोजणीत हाबर यांना दाब वाढवण्याची वाट दिसली. जुलै १९०९ मध्ये त्यांनी सुमारे दोनशे वातावरण दाबाखाली थेंबाथेंबाने अमोनिया काढून दाखवला. १९१३ मध्ये ओपाऊला बॉश यांनी कारखाना उभा केला.

आपल्या जिल्ह्याचा आणि या समीकरणाचा संबंध दुहेरी आहे. इथलं पीक धान. धानाला लागणारा युरिया, मग तो रायगडच्या थळहून येवो की आणखी कुठून, अमोनियापासूनच होतो. आणि त्याच अमोनियापासून, पुन्हा त्या ओस्टवाल्ड यांच्याच पद्धतीने, नायट्रिक आम्ल होतं, ज्याच्याशिवाय दारूगोळ्याचे कारखाने चालत नाहीत. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आपल्या उशाशी आहे. जानेवारी २०२५ चा तिथला स्फोट कुणी विसरलेलं नाही. हाबर यांना अमोनियासाठी १९१८ चं नोबेल मिळालं, आणि एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडण्यामागेही तेच होते. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव एकाच वाक्यात येतं, तेही तापमान आणि दाब पाठ करण्यापुरतं.

त्या तापमानाची गंमत सांगतो आणि मग तुमचे प्रश्न घेऊ. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून ल शातलिएच्या तत्त्वाप्रमाणे तापमान कमी तितका अमोनिया जास्त. मग पुस्तक चारशे-पाचशे अंश का सांगतं? कारण आपल्या तीन ओळींच्या तक्त्यात वेळेचा रकाना नाही. थंडीत समतोल फार छान असतो, पण तिथे पोचायला आयुष्य पुरत नाही. उत्प्रेरक टाकला तर पोचणं लवकर होतं, क्ष मात्र तसूभर बदलत नाही. म्हणून कारखान्यात काय करतात? थोडा अमोनिया झाला की वायू थंड करून तो द्रवरूपात बाजूला काढतात आणि न वापरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा आत ढकलतात. पुन्हा थोडा होतो, पुन्हा काढतात. भांड्याला समतोलापाशी ते टेकूच देत नाहीत. इजिप्तच्या तळ्याकाठी सोडा बाजूला पडत होता, तसाच इथे अमोनिया बाजूला पडतो. बोला, पहिला प्रश्न कुणाचा?